ओली राख

रविवारची मिस्सा संपली की चर्चशेजारच्या लांबट खोलीत मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरायचा. खोलीला दोन फळे होते. पुढच्या फळ्यापाशी मोठ्या बाई शिकवायच्या आणि मागच्या फळ्यापाशी त्यांची धाकटी जाऊ. कुठे बसायचं ते मुलांनी ठरवावं, अशी मोकळीक फादरांनी दिली होती, आणि सगळा घोळ तिथेच झाला होता. कारण एकेक करत बाकं मागे सरकू लागली होती.

आधी वाटलं, पुढे ऊन येतं म्हणून असेल. मोठ्या बाईंनी पडदा लावला. मग वाटलं, थंडी वाजत असेल. त्यांनी पडदा काढला. तरी बाकं मागेच. आता त्यांच्यासमोर उरली होती ती फक्त तीन प्रकारची मुलं: ज्यांच्या आयांना मोठ्या बाईंनीच शिकवलं होतं ती, ज्यांना वर्गात डुलकी काढायची असेल ती, आणि उशिरा येऊन मागे जागा न मिळालेली.

मागून हसण्याचा लोट यायचा. धाकटी घरच्या बेकरीतून पिठाचा गोळा घेऊन यायची आणि त्याची माणसं करून गोष्टी सांगायची. नोहाचं तारू, योनाचा मासा, सगळं पिठाचं. वर्ग संपला की मासा कुणी खायचा यावरून भांडण.

"कच्चं पीठ खाऊन पोटं बिघडतील," मोठ्या बाई एकदा म्हणाल्या.

"मग त्या निमित्ताने उपवास तरी घडेल, ताई," धाकटी हसून म्हणाली, आणि मागची सगळी पोरं खिदळली. बोलणं साधं होतं, बोलणारीच्या मनातही काही नव्हतं. पण मोठ्या बाईंना ते दिवसभर झोंबत राहिलं.

त्या वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवायला हवं. त्या गावातल्या अर्ध्या माणसांना त्यांनीच प्रार्थना शिकवल्या होत्या. तोतऱ्या मुलाला एकेक शब्द लावून देताना त्यांचा धीर कधी सुटत नसे. शिकवण्यावर त्यांचा जीव होता. आणि ज्याच्यावर जीव असतो तिथेच असूया येऊन बसते. ज्याचं आपल्याला काही नसतं, त्यावरून कुणाच्या पोटात दुखत नाही.

त्या रविवारी विषय होता येणाऱ्या बुधवारचा, राखेच्या बुधवारचा. ईस्टरच्या आधी प्रायश्चित्ताचा काळ असतो, त्याचा हा पहिला दिवस. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी लोकांनी ज्या झावळ्या हातात धरून आनंदाने मिरवणूक काढलेली असते, त्याच, घरोघर जपून ठेवलेल्या वाळलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख करतात आणि ती कपाळावर लावून घेतात. म्हणजे गेल्या वर्षीचा आपलाच जयजयकार या वर्षी राख होऊन आपल्या कपाळी येतो. मोठ्या बाई हे फार छान समजावून सांगायच्या. त्यांनी सांगितलंही. पण समोर ऐकायला डुलकीवालेच होते.

मागच्या बाकावरून एक हात वर झाला. तो हात धाकटीच्या मुलीचा होता. घरात आणि वर्गात तिला सगळे वकील म्हणायचे, कारण एका उत्तराने तिचं कधी भागत नसे.

"मोठी आई, एक शंका आहे," ती मागूनच ओरडली. थोरल्या काकूला ती मोठी आई म्हणायची. "येशूने सांगितलंय ना, उपवास करताना तोंड धुवा, कुणाला कळू देऊ नका? मग आपण कपाळावर राख लावून शाळेत का जायचं? सगळ्यांना कळतं की!"

मोठ्या बाईंना हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारायचं. "ती चर्चची रीत आहे," त्या म्हणाल्या. "रीत पाळायची असते."

"पण का?"

"मोठी झालीस की कळेल."

वकिलीणबाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "अगं, मलाही ते कोडं नीट सुटलेलं नाही. सांगा बरं, कुणाला काय वाटतं?"

मग काय, वर्गाचा बाजार झाला. कुणी म्हणालं, राख लावली की भूत पळतं. कुणी म्हणालं, शाळेत पहिला तास बुडतो म्हणून. शेवटी एक चष्मेवाली मुलगी उभी राहून म्हणाली, "मी चांगली आहे असं दाखवायचं नाही. पण मी चुकले असं दाखवलं तर चालत असेल."

 दारात उभे राहून ऐकणारे फादर टाळ्या वाजवत आत आले. "वा! हे तर माझ्या प्रवचनात घालतो मी."

मोठ्या बाई खडू हातात धरून उभ्या होत्या. स्वतः उत्तर येत नाही म्हणून पोरांना विचारलं, आणि टाळ्या हिला! आपण इतकी वर्षं उत्तरं दिली, आपल्याला कुणी टाळी दिली?

"आणि हो, मोठ्या बाई," फादर त्यांच्याकडे वळले. "यंदा राखेचं काम धाकट्या बाईंकडे देऊ या का? मुलांनाही बरोबर घेतील. तुम्ही दर वर्षी एकट्याच सगळं करता. दमत असाल."

"मी कुठे म्हटलं दमते म्हणून?"

"तसं नव्हे हो, पण..."

"देऊन टाका ना," मोठ्या बाई म्हणाल्या. "मला काय!"

फादर भले गृहस्थ. 'मला काय' याचा अर्थ त्यांनी 'मला चालेल' असा घेतला.

बेकरी घराच्याच खाली होती. मागच्या अंगाला लाकडावर चालणारी जुनी भट्टी, पुढे काउंटर, मधे पिठाचं लांबलचक टेबल. भट्टी आणि पीठ मोठ्या बाईंकडे आणि त्यांच्या नवऱ्याकडे, ज्यांना घरातसुद्धा सगळे मालकच म्हणायचे. काउंटर आणि केकवरची नक्षी धाकटीकडे. धाकटीचा नवरा गाडी घेऊन दुकानादुकानांत पाव पोचवायचा. अशी वाटणी होती, आणि कुणी कुणाच्या कामात नाक खुपसत नसे.

सोमवारी भट्टी पेटवायच्या वेळी मोठ्या बाई वर गेल्या आणि कपाटावरून झावळ्यांचा भारा खाली घेऊन आल्या. वर्षभर जमवलेला, सुतळीने बांधलेला. राखेसाठी म्हणूनच ठेवलेला. त्यांनी सुतळी सोडली आणि मूठ मूठ झावळ्या भट्टीच्या तोंडात कोंबल्या. कडकडीत वाळलेल्या त्या, एका झटक्यात भडकल्या.

"अगं, त्या पोरांच्या ना?" मालक पिठाच्या पोत्यावरून म्हणाले. "बुधवारच्या?"

"जुन्या झाल्या होत्या. धूळ नुसती."

"जाळून राखच करायची, त्याला जुनं काय आणि नवं काय?"

"तुम्ही पाव बघा. करपतील."

पाव अजून भट्टीत गेलेच नव्हते. मालकांनी बायकोकडे एकदा पाहिलं, भट्टीकडे एकदा पाहिलं, आणि संसारात मुरलेल्या माणसाच्या शहाणपणाने पोतं उसवायला घेतलं.

मंगळवारी दुपारी शाळा सुटल्यावर धाकटी मुलांना घेऊन चर्चच्या अंगणात बसली. पोरांनी घराघरांतून आणलेल्या झावळ्या एका पत्र्याच्या टोपल्यात पेटवल्या. आवाज खूप, राख कमी. खाली चमचाभर काळी भुकटी राहिली. एवढी राख एका कुटुंबाला पुरली असती, गावाला नाही.

धाकटी धावत बेकरीत आली. केस विस्कटलेले, नाकावर काजळी.

"ताई, झावळ्या फार कमी पडल्या हो. दर वर्षी तुमच्याकडे भारा असायचा ना? आहे का यंदा?"

"नाही," मोठ्या बाई पीठ मळत म्हणाल्या. "यंदा नाही."

"अरे देवा. आता?" तिची नजर भट्टीशेजारच्या राखेच्या डब्यावर गेली. "ही घेऊ का थोडी? राख ती राखच. झावळ्यांची राख हिच्यात मिसळते. फादरांना सांगेन मी तसं."

"घे."

धाकटीने डबा उघडला. पांढुरकी, मऊ, पिठासारखी राख. तिने पातेलंभर काढून घेतली. तेवढ्याने दोघींच्या मधे हवेत ढग उठला. धाकटी शिंकली, हसली, पुन्हा शिंकली.

"ही तर नुसती उडतेय. पोरांच्या डोळ्यांत जाईल. उद्या पाणी घालून कालवू का, लेपासारखी? कपाळावर नीट बसेल."

मोठ्या बाईंचे हात पिठात थांबले.

भट्टीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. लाकडाची राख कोरडी असेपर्यंत गरीब. तिला पाणी लागलं की ती कातडी खाते. भट्टी पुसताना हातमोजे घालायचे ते याचसाठी. एकदा मालक मोजे न घालता ओल्या फडक्याने भट्टीचं तोंड पुसायला गेले, तर बोटांची सालं निघाली होती आणि पुढचे कित्येक दिवस त्यांना मोठ्या बाईंनी घास भरवला होता. म्हणूनच चर्चच्या राखेलाही मोठ्या बाईंनी कधी पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. ती बारीक कुटून, कापडातून चाळून, फार तर तेलाचं बोट लावायचं. पण धाकटी काउंटरवरची. तिने भट्टीला कधी हात लावला नव्हता. तिला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"काय हो ताई? घालू ना पाणी?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मोठ्या बाईंच्या जिभेवर आलंही होतं. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी डोळ्यांपुढे आलं: बाकं, मागे सरकलेली. टाळ्या वाजवणारे फादर.

"तुझं काम आहे," त्या म्हणाल्या. "तू बघ."

"बरं," धाकटी म्हणाली, आणि पातेल्यावर ताट झाकून गेली.

त्यानंतर मोठ्या बाईंनी पीठ इतकं मळलं की मालक म्हणाले, "अगं, पाव करायचाय, त्याला मारायचं नाहीये."  मोठ्या बाईंच्या मनात हिशेब चालू होता. थोडं खाजेल. जरा लाल होईल. पोरं रडतील थोडी, आया चिडतील. मग फादर विचारतील, इतकी वर्षं असं कधी झालं नव्हतं, यंदाच कसं? आणि कुणीतरी म्हणेल, इतकी वर्षं मोठ्या बाई करत होत्या ना. बस्स, एवढंच. एवढं एक वाक्य कुणीतरी म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते वाक्य त्यांनी इतक्यांदा मनात घोळवलं की पोरांची कपाळं त्यात दिसेनाशी झाली.

बुधवारी सकाळी, शाळेच्या आधी, चर्च भरलं. मुलांना पुढच्या बाकांवर बसवलं होतं. मोठ्या बाई नेहमी पुढे बसायच्या, आज मागे खांबाआड बसल्या. वाचन झालं, फादर प्रवचनाला उभे राहिले. आज आपण कपडे फाडायचे नाहीत, काळीज उघडायचं, असं काहीसं ते सांगत होते. मधे चष्मेवालीचं वाक्यही आलं, आणि तिचे आईबाप बाकावरच फुगले.

एवढ्यात वकील मधल्या वाटेने वाकून वाकून मागे आली आणि मोठ्या बाईंच्या शेजारी घुसली. तिच्या शाळेच्या गणवेशाची बाही वर सरकवलेली होती.

"मोठी आई," ती कुजबुजली, "आईला सांगू नकोस हं. मी सकाळी आधीच लावून बघितली."

"काय?"

"राख. आई चमच्याने कालवत होती ना, तेव्हा तिचं लक्ष नव्हतं. मी हातावर क्रॉस काढला. रंगीत तालीम." तिने मनगट पुढे केलं. "पण आता आग होतेय गं. पुसली तरी होतेय."

मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवर क्रॉस उठला होता. लालभडक, कडांना सुजलेला. कुणी तापलेल्या सळईने काढावा तसा.

मोठ्या बाईंनी ते मनगट हातात धरलं आणि पुढे पाहिलं. पहिल्या बाकावर अगदी लहान मुलं बसली होती. आपापल्या केसांच्या बटा मागे सारून, कपाळं मोकळी करून, तयारीत. बाजूला धाकटी लेपाचं भांडं धरून उभी होती. फादर प्रवचन संपवून तिच्याकडे वळत होते.

मनगट न सोडताच मोठ्या बाई उठल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी सावकाश चालणाऱ्या बाई मधल्या वाटेने अशा गेल्या की लोक वळून बघू लागले.

"फादर, थांबा! हात लावू नका त्याला!"

फादरांचा अंगठा भांड्यावर थबकला.

"भट्टीची राख आहे ती. पाण्यात कालवलीये. पोरांची कपाळं भाजतील." त्यांनी पोरीला पुढे ओढलं आणि तिचं मनगट वर धरलं. "हे बघा."

चर्चभर एकच श्वास ऐकू आला. धाकटीने मुलीचा हात पाहिला आणि तिच्या हातातलं भांडं कलंडलं. थोडा लेप जमिनीवर सांडला. कुणीतरी ओरडलं, पाणी आणा. एक आई तरातरा पुढे येऊन आपलं पोर उचलून घेऊन गेली. "काय बाई हा निष्काळजीपणा," ती धाकटीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

"मला ठाऊक नव्हतं," धाकटी म्हणत होती. "खरंच हो, मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं राख ती राखच..."

फादर घाबरले होते, पण डोकं शांत होतं. "कोरडी राख उरलीये का?"

"आहे, अर्धं पातेलं. आत."

"झालं तर मग. कपाळाला लावायची नाही. चिमूटभर डोक्यावर टाकायची, केसांत. जुन्या काळी तसंच करत." मग ते लोकांकडे वळले. "मंडळी, घाबरू नका. देवाची कृपा, आणि मोठ्या बाईंचं लक्ष! त्या नसत्या तर आज काय झालं असतं? मोठ्या बाई, पुढच्या वर्षीपासून हे काम तुमचंच. आता दमले म्हणालात तरी सोडणार नाही."

लोक माना डोलवू लागले. मागून एक म्हातारबुवा म्हणाले, "इतकी वर्षं मोठ्या बाई करत होत्या ना. कधी काही झालं का?"

आलं. ते वाक्य आलं. अगदी शब्दन् शब्द, जसं मोठ्या बाईंनी मनात रचलं होतं तसंच.

आणि धाकटी रडत रडत जवळ आली, तिने मोठ्या बाईंचे दोन्ही हात धरले. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू? माझ्या पोरीचं... सगळ्यांच्या पोरांचं..."  ती मुलीला घेऊन बाजूच्या दाराने नळाकडे गेली.

मोठ्या बाई वेदीसमोर उभ्या राहिल्या. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. पहिल्या बाकावरचं एक पोरगं त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होतं, जणू त्यांनी एकटीने सिंह मारला होता. किती दिवसांत पोरांनी असं पाहिलं नव्हतं! कुणाला काही कळणार नव्हतं. बेकरीत काय बोलणं झालं ते दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक तर उपकार मानत होती. गप्प राहायचं, बस्स. कालच्यासारखंच.

फादरांनी कोरडी राख मागवली. रांग लागली. "तू मातीचा आहेस आणि मातीतच परत जाणार, हे विसरू नकोस," म्हणत ते एकेकाच्या डोक्यावर चिमूट टाकू लागले. काळ्या केसांत राख दिसेचना. मुलं एकमेकांची डोकी तपासू लागली.

"दिसतेय का माझी?"

"नाही. माझी?"

"मग शाळेत कळणार कसं?"

मोठ्या बाई रांगेत उभ्या राहिल्या. मग रांगेतून बाहेर पडल्या आणि बाजूच्या दाराने अंगणात गेल्या.

नळाखाली लेकीचा हात धरून धाकटी बसली होती. पाणी वाहत होतं. मुलीची आग कमी झाली असावी, कारण ती पुन्हा बोलू लागली होती. "आई, पण पाण्याने लागलं, तर पाण्यानेच कसं बरं होतं?"

"जास्त पाणी लागतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "धुऊन जाईपर्यंत. राहू दे अजून हात तसाच."

धाकटीने वर पाहिलं. डोळे सुजलेले. "आत जा ना ताई. तुमची राख राहील."

"मला कालच ठाऊक होतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"काय?"

"तू विचारलंस ना, पाणी घालू का. तेव्हा."

धाकटीला अर्थ लागायला वेळ लागला. अर्थ लागला तसा तिचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे तुम्हाला... आठवलं नाही तेव्हा?"

'हो, आठवलं नाही' असं म्हणायची वाट धाकटीने स्वतःच काढून दिली होती. चांगली रुंद वाट होती.

"आठवलं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "जिभेवर होतं. बोलले नाही. झावळ्यांचा भाराही होता. सोमवारी भट्टीत घातला."

नळाचं पाणी वाहत राहिलं. वकील एकदा आईकडे, एकदा मोठ्या आईकडे पाहू लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिला प्रश्न सुचला नाही.

"का?" शेवटी धाकटीनेच विचारलं.

"पोरं तुझ्याकडे जातात म्हणून."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

"अहो, मग मला बोलायचं होतंत! भांडायचं होतंत, चार लोकांत पाणउतारा करायचा होतात. मी ऐकून घेतलं असतं. पोरांच्या कपाळांवर..."  तिने मुलीचा ओला हात आपल्या पदरात गुंडाळला. "आत्ता मी तुमचे हात धरले होते. सगळ्यांसमोर."

"हो."

"धरू दिलेत तुम्ही."

"हो. धरू दिले."

धाकटी उठली. "मला आता तुमच्याशी बोलता येणार नाही," ती म्हणाली. रागाने नाही, जशी एखादी बाई 'आज पाव उरला नाही' असं सांगते तशी. मुलीला घेऊन ती फाटकातून निघून गेली. शाळेची वेळ झाली होती.

मोठ्या बाई आत आल्या तेव्हा रांग संपत आली होती. त्या शेवटी उभ्या राहिल्या. फादरांनी चिमूट टाकली. पांढऱ्या केसांत ती कुणाच्याही नजरेस पडली नाही.

मिस्सा संपल्यावर दारात फादर लोकांशी हात मिळवत होते. दोनचार बायका मोठ्या बाईंना घेरून कौतुक करत होत्या. मोठ्या बाई त्यांच्यातून वाट काढत फादरांपाशी गेल्या.

"फादर, पुढच्या वर्षीचं काम माझ्याकडे नको."

"आता पुन्हा काय झालं?"

"धाकटीने मला विचारलं होतं काल, पाणी घालू का. मी मुद्दाम सांगितलं नाही. चूक तिची नाही. हे तुम्ही मघा आत जितक्या मोठ्याने बोललात ना, तितक्याच मोठ्याने सांगा. नाहीतर मी सांगते."

कौतुक करणाऱ्या बायका एक पाऊल मागे सरल्या. एकीने तोंडावर हात ठेवला. पोर उचलून नेणारी आई मोठ्या बाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "शोभतं का हो हे तुम्हाला? या वयात?"

"नाही शोभत," मोठ्या बाई म्हणाल्या.

फादरांनी त्यांना बायकांपासून दोन पावलं बाजूला घेतलं. मग म्हणाले, "रविवारी सांगू. दोघं मिळून सांगू. आज घरी जा, बाई."

त्या दिवशी बेकरीत शब्द ऐकू आला नाही. मालकांना सगळं कळलं होतं, कारण असल्या बातम्यांना पाय असतात. त्यांनी कोरड्या सुरात एवढंच विचारलं, "भारा जाळलास तेव्हाच विचारायला हवं होतं मी, नाही का?" आणि लाकडं आत सारली. धाकटी काउंटरवर गिऱ्हाईकं बघत होती. मधल्या दाराचा पडदा एरवी उघडा असायचा, आज ओढलेला होता.

गुरुवारीही तसंच. शुक्रवारीही.

शनिवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर पडदा सरला. धाकटी आत आली आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला उभी राहिली. मोठ्या बाईंकडे न पाहता म्हणाली, "झावळ्या कुठून जमवत होतात तुम्ही? पोरांना तर घरोघर फिरून मूठभर मिळाल्या."

मोठ्या बाईंनी हातातलं पीठ खाली ठेवलं. "एकदम मागायच्या नसतात. लोक म्हणतात बघतो आणि विसरतात. ज्याच्या त्याच्या जागा असतात."

"सांगा."

"उतारावरच्या शिंप्याच्या घरी आरशामागे खोचलेली असते. त्याला मागू नकोस, तो देत नाही. त्याच्या आईला माग. शाळेच्या शिपायाच्या दारावर असते, ती पावसाळ्यात कुजते, त्याच्या आधी घेऊन यायची. आजारी माणसाच्या उशाला असेल तर ती घ्यायची नाही, ते माणूस बरं होईपर्यंत."

"आणि नाही झालं बरं तर?"

"तर घरचे आपणहून आणून देतात. ती आधी जाळायची. त्या माणसाचं नाव घेऊन."

धाकटी आता बघत होती. रागाची रेघ कपाळावर तशीच होती, पण ती ऐकत होती. "हे पोरांना कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"नाही. मीच एकटी फिरायचे."

"मी पोरांना घेऊन फिरेन," धाकटी म्हणाली. "चालेल ना?"

मोठ्या बाईंना सगळं दिसलं: उतारावरून खिदळत जाणारी पोरं, पुढे धाकटी, शिंप्याची आई दारात हसत उभी, आरशामागची झावळी काढायला कोण आधी यावरून भांडण. पोटात पुन्हा तेच दुखलं, जिथे नेहमी दुखायचं तिथेच.

"चालेल," त्या म्हणाल्या. "आता चर्चमागच्या गल्लीतली घरं सांगते. तिथे कुत्रं आहे, पोरांना मागे ठेव."